ताईंचा तारांकित प्रश्न

खासदारांच्या ऑफिसात माणसं अर्ज ठेवून जातात आणि त्याबरोबर एक किस्साही. अर्जाला आवक नंबर देऊन पुढं ढकलता येतं, किश्श्याचं काय करायचं? बोईसरला मेडिकलच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत, तिथं ते साचत जातात. त्यातले एकाच प्रश्नाभोवतीचे आज सांगतो. मी ताईंचा पी.ए. ताई म्हणजे आमच्या खासदार. सफाळ्याच्या पूर्वेला डोंगराकडच्या गावच्या, आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या. कोणी अर्धवट उत्तर दिलं की अजूनही "पूर्ण वाक्यात सांगा" म्हणतात. पुढचा माणूस कलेक्टर असला तरी!

*

मंदाबाई पहिल्यांदा आल्या त्या आयकराची नोटीस घेऊन. मूळच्या जळगावकडच्या. नवरा राजाराम तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता, तो हार्ट अटॅकनं गेला. नोटीस त्याच्याच नावानं आलेली. रिटर्न का भरला नाही, ते कळवावं.

आता उत्तर द्यायचं तर आधी बायकोची वारस म्हणून पोर्टलवर नोंद हवी. तहसीलचा दाखला चढवला, तो परत आला, कारण दाखला मराठीत. मी इंग्रजी भाषांतर करून, नोटरी करून दिलं. तेही परत आलं, स्कॅन अस्पष्ट म्हणून. सायबर कॅफेवाल्यानं हात टेकले. मुंबईच्या बाजूला जाऊन चौकशी करायची तर पॅकिंगच्या कामावर खाडा.

खाड्याचं त्यांना एवढं नव्हतं. उत्तर गेलं नाही तर सरकारदरबारी नवऱ्याच्या नावापुढं 'चुकार' लागेल, याचा त्यांना घोर होता.

"ते सिग्नलसुद्धा मोडत नव्हते हो," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर ताईंनी नोटिशीची झेरॉक्स परत एकदा वाचली. मग म्हणाल्या, "ही बाई आपल्याकडं आली. ज्या येत नाहीत त्या काय करत असतील?" आणि बोईसरला आयकराचं मदत केंद्र देणार का, त्याला निधी ठेवणार का, असा थेट अर्थमंत्रालयाला प्रश्न लावायचं ठरलं.

*

प्रश्नाचा मसुदा मी करतो. ताईंनी तोंडी सांगितला तो असा: मेलेल्या माणसाला जाब विचारताना सरकारला काही वाटतं का?

मी म्हटलं, ताई, हे नियमात बसत नाही. प्रश्नात मत नको, टोमणा नको, तर्क नको. त्यांनी विचारलं, मग राहिलं काय? राहिलं त्याचा पहिला भाग मी वाचून दाखवला, मदत केंद्र आणि निधी पुढच्या भागांत होते: 'मयत करदात्यांच्या वारसांना नोंदणीत येणाऱ्या अडचणींची सरकारला माहिती आहे काय; असल्यास त्याचा तपशील काय?'

"यात मंदाबाई कुठं आहे?"

"'वारसांना' मध्ये," मी म्हटलं.

माझ्या मसुद्यांचा मला अभिमान आहे. त्या दिवशी मात्र तो वाचताना मलाच कोरडा वाटला. ताईंनी चष्मा लावला आणि सही केली.

*

तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, म्हणून त्याचं महत्त्व. पण कोणाचे प्रश्न घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. आमच्या युवा आघाडीच्या जयेशनं केळव्याला जाऊन शितलादेवीला नारळ फोडला. अर्थमंत्रालयाचं काम शितलादेवीकडं कसं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "देवीकडं खातेवाटप नसतं, सर."

आणि नंबर लागला! अगदी वरचा.

त्या दिवशी ऑफिसात सगळे टीव्हीपुढं. मंदाबाईंना मधली खुर्ची. अकरा वाजता सभागृह सुरू झालं आणि लगेच गदारोळ. कसल्यातरी दुसऱ्याच विषयावर विरोधी बाकं उभी राहून घोषणा देत होती. अध्यक्ष खाली बसा, खाली बसा म्हणत होते. आणि त्या घोषणा देणाऱ्यांत तिसऱ्या रांगेत, हात वर करून, आमच्या ताई! पक्षाचा आदेश. कामकाज तहकूब झालं आणि प्रश्नोत्तराचा तास गेला.

मंदाबाई म्हणाल्या, "ताई आपल्याचसाठी ओरडताहेत ना?" जयेशनं टीव्ही बंद केला.

दुपारी ताईंचा फोन आला. आवाज पार बसलेला. "माझा प्रश्न मीच बुडवला," एवढंच म्हणाल्या. राजकारणात इतकं खरं बोलणारं माणूस विरळा. मला त्यांचा रागही आला होता आणि वाईटही वाटलं.

*

तास बुडाला तरी लेखी उत्तर मिळतं. ते आलं. मदत केंद्राचा सध्या प्रस्ताव नाही. निधीविषयी विचारलेल्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही'. सेवा ऑनलाइन उपलब्ध आहेत, शिवाय गरजेनुसार शिबिरं घेतली जातात.

मी ते फाईलला लावेपर्यंत जयेशनं स्टेशनबाहेर फ्लेक्स लावलासुद्धा! 'बोईसरचा आयकर प्रश्न लोकसभेत! अर्थमंत्रालयाचे उत्तर प्राप्त! ताईंचे जाहीर आभार!' ताईंचा फोटो हात जोडलेला, खाली जयेशचा त्याहून मोठा. उत्तर 'नाही' असं आहे, हे त्यानं वाचलंच नव्हतं. आमच्याकडं उत्तर आलं की फ्लेक्स लागतो. वाचतो कोण?

लोकांचा समज झाला की केंद्र उघडलं. सोमवारी सकाळी मेडिकलपासून जिन्यापर्यंत रांग. फॉर्म सोळा घेतलेले कामगार, पॅन हरवलेले रिटायर लोक, "सर, हमारा भी देख लीजिए" म्हणणारे वेल्डर. जयेश तोंड लपवून मागच्या खोलीत.

त्या रांगेत एक डोंगराकडचे आजोबा होते. मी म्हटलं, बाबा, हे टॅक्स भरणाऱ्यांसाठी आहे, तुमचं काय काम? त्यांना गावच्या ओढ्यावर साकव हवा होता. अधिवेशन आटपून आलेल्या ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी आजोबांना बसवून सांगितलं की बाबा, तूही भरतोस. चपला घेतल्यास, साबण घेतलास, त्यात टॅक्स असतो. आजोबांनी पायातल्या चपला जरा वेळ न्याहाळल्या.

"मंग ताय, तू इतकी वरसं सांगला का नाय? मी हात जोडून मागत व्हतो."

त्यांच्याकडं लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात. ताईंना ते आवडतं. पण त्या दिवशी त्या खाली बघत होत्या.

मग मला म्हणाल्या, "उत्तरात काय लिहिलंय? गरजेनुसार शिबिरं?" मी हो म्हटलं. "गरज जिन्यात उभी आहे. फोटो काढा." फोटो आणि दोन ओळींचं पत्र अर्थमंत्रालयाला गेलं. फ्लेक्स काढायला निघालेल्या जयेशला त्यांनीच थांबवलं, रांग दिसत राहू दे म्हणून.

*

शिबिर बोईसरजवळच्या पाम गावात समाजमंदिरात झालं. अधिकारी तरुण, नाशिकचा, शांत. मंदाबाईंचा नंबर आला तेव्हा त्यानं दाखला स्वतः नीट स्कॅन केला, वारसाच्या नोंदीचं तिथंच करून घेतलं. मग नोटिशीचं उत्तर. रिटर्न भरायची मुदत यायच्या आधीच राजाराम गेला होता, एवढंच लिहायचं होतं. ते गेलं. नोंद स्वच्छ झाली. आता काही राहिलं नाही, असं त्यानं सांगितलं आणि पोच छापून, खाली मराठीत लिहून हातात दिली.

मंदाबाईंनी ती ओळीवर बोट ठेवून वाचली. एका जागी बोट थांबलं.

"साहेब, हे 'तर्फे' काय?"

"ते आता नाहीत ना. म्हणून राजाराम, तर्फे मंदाकिनी. तुमच्याशिवाय त्यांना इथं काही करता येत नाही."

त्यांनी परत वाचलं. मग ताईंकडं वळल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

"रेशन कार्डावर, बँकेत, कंपनीच्या कॉर्टरच्या पाटीवर, सगळीकडं मी त्यांच्या मागं. आज पहिल्यांदा ते माझ्या मागं उभे राह्यले, ताई." पोचेची घडी घालत त्या म्हणाल्या, "अन् बघायला ते नाहीत."

दुपारच्या शिफ्टची वेळ झाली होती. चहा न घेताच त्या निघाल्या.