व्याह्यांच्या गाडीचा पट्टा

नारळालासुद्धा पट्टा बांधल्याशिवाय गाडी सुरू न करणारा माणूस सगळ्या मुलखात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबात व्याही म्हणून आला. माझी सुमन त्यांच्या घरात दिली त्याला आता बरीच वर्षं झाली. शहरात, शाहूपुरीत, त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस म्हणजे पाप्याचं पितर, शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावल्याशिवाय आरशासमोरसुद्धा न उभा राहणारा, आणि आवाज असा की समोरच्यानं आपला कान उचलून त्यांच्याजवळ न्यावा. अशा माणसाला एखादी स्कूटर शोभली असती. यांच्याकडं आहे लालभडक, रस्त्याला पोट घासत चालणारी, दोनच माणसांची, परदेशी, शर्यतीची गाडी. मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडनं त्यांनी ती घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं, आणि बाहेर यायचं तर वरनं कुणीतरी हात द्यावा लागतो. माझ्यासारख्या दूधवाल्या शेतकऱ्याला, ज्याचं शिक्षण चौथीच्या वर्गातच खुंटलं, त्या गाडीत बसायची काही गरज नव्हती. पण पावण्यांचं मन मोडायचं नाही म्हणून मी बसत आलो.

गाडी शर्यतीची असली तरी चालवणारा सायकलवाल्याला हात करून पुढं जाऊ देणारा. चाळीसच्या पुढं काटा गेला तर गाडीचा अपमान होतो असं त्यांचं मत आहे. आमच्या कोडोलीच्या रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कर्ण्यावर गाणी वाजवत मागनं येतो, आम्हाला मागं टाकतो, आणि उसावर बसलेला गडी वाकून आमच्याकडं असं बघतो की जणू आमचं काहीतरी दुखतंय. मी दरवेळी म्हणतो, "पावणं, जरा दाबा की." ते दरवेळी म्हणतात, "अण्णा, ही पळू शकते हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. मग दाखवायचं कुणाला?" मला उत्तर सुचत नाही अशी वाक्यं जगात फार थोडी आहेत. त्यातली निम्मी या माणसाची.

पण त्यांचा खरा जीव पट्ट्यात. शेजारच्या सीटवर जे काही ठेवलं जाईल त्याला पट्टा लागलाच पाहिजे. माझ्याकडनं नेलेली दुधाची किटली पट्ट्यात, गुळाची ढेप पट्ट्यात. एका वर्षी कुंभार गल्लीतनं गणपती आणला तोही पट्टा लावून. चौकातल्या पोलिसानं आधी शिट्टी मारली, मग आत वाकून बघितलं आणि हात जोडले. हे सगळं मी हसून सोडलं असतं, पण सुमनच्या लग्नाच्या दिवशीची गोष्ट वेगळी. नवरीला या लाल गाडीतनं न्यायचं आणि नवऱ्यानं वऱ्हाडाच्या गाडीतनं मागनं यायचं, असं त्यांच्या घरात ठरलं होतं. डोक्यात अक्षता, डोळ्यांत पाणी, अशी माझी पोर गाडीत बसली, तिची आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी, सगळं कोडोली गोळा झालेलं. आणि हा माणूस खाली वाकून म्हणतो, "सूनबाई, पट्टा." शालूवरनं तो काळा पट्टा ओढून खटकन लावला. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पावणं, पोरगी दिलीया तुम्हाला, पळून जात न्हाय ती. बांधून कशापायी नेताय?" सगळा मांडव हसला. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "अण्णा, उद्यापासून ही आमची जबाबदारी. मी आजच सुरू केली." पुढं बरीच वर्षं मी ते वाक्य त्यांच्यावर उलटवत आलो. त्यांनी त्याचा कधी राग धरला नाही, आणि मीही ते कधी सोडलं नाही.

दुसरं वेड खंडेनवमीचं. त्या दिवशी सगळेच गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आमचे व्याही मात्र वाटीत हळदकुंकू लावलेल्या अक्षता घेऊन गाडीभोवती तास-तास फिरतात. जो राबतो त्याला मान मिळाला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. म्हणून चाकांना अक्षता, हॉर्नला अक्षता, आरशांना, वायपरला, आणि पट्टा जिथनं बाहेर येतो त्या फटीलाही मोजून चिमूटभर. एकदा मी म्हटलं, "सायलेन्सर राहिला की." ते परत गेले आणि गुडघे टेकून त्यालाही वाहून आले.

गेल्या खंडेनवमीनंतरच ते झालं. दुकानाला सोमवारी सुट्टी, आणि सोमवारी सकाळी व्याही कोडोलीला येणार, मला घेऊन वाघबीळला जाणार, तिथं आम्ही चहा घेणार, भांडणार आणि परत येणार, हा नेम सुमनची आई गेल्यापासूनचा. कुणी ठरवला नव्हता. ती गेली त्याच्या पुढच्या सोमवारी ते दारात येऊन हॉर्न वाजवत उभे राहिले, एवढंच. तर त्या सोमवारी गाडी आलीच नाही, फोन आला. म्हणाले, "अण्णा, तुमच्या बाजूचा पट्टा बाहेर येत नाही. आतलं रीळ धरून बसलंय."

"मग बिनपट्ट्याचं जाऊया की. वाघबिळापतुर कोण मरतंय?"

"ते जमणार नाही."

मी म्हटलं, नाही तर नाही. मला काय कामं नाहीत? त्यांनी तीन-चार कारागीर केले. एक म्हणाला हा भाग आता मिळत नाही, दुसरा म्हणाला दुसऱ्या गाडीचा बसवतो. दुसऱ्याचे दात आपल्या तोंडात बसवल्यासारखं होईल म्हणून ते त्यांनी मानलं नाही. सोमवार जात राहिले. मी सोमवारी उगाच लवकर अंघोळ करून बसायचो आणि म्हशींवर ओरडायचो. मग एक दिवस सुमनचा फोन आला. "आण्णा, मामंजी गाडी विकाय लागल्यात. उद्या सांगलीचं गिऱ्हाईक येतंय. म्हणत्यात, शेजारी कुणाला बसवता येत न्हाय तर गाडी ठेवू कशाला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी शाहूपुरीत. दुकानात पाय ठेवता ठेवता सांगितलं, "चष्म्याची दांडी ढिली झालीया, म्हणून आलोय." दांडी घट्ट होती. त्यांनी चष्मा हातात घेतला, दांडी हलवून बघितली, पुसून परत दिला. काउंटरवर, चष्मे ठेवायच्या मखमलीवर, ते पट्ट्याचं रीळ काढून ठेवलेलं होतं. एखाद्या मेलेल्या पाखरासारखं.

मी उचललं आणि पट्टा ओढला. हलेना. काउंटरला पाय लावून ओढला. "अण्णा, ती म्हैस नाही," ते म्हणाले. "म्हैस असती तर आली असती," मी म्हटलं. मग त्यांनी समजावलं, की आत एक लोखंडी गोळी असते. गाडीला हिसका बसला किंवा ती कलंडली की गोळी सरकते, खिट्टी वर उचलते आणि रिळाच्या चाकाचे दात अडकतात. म्हणून रीळ हातात तिरकं धरलं तर ते अडकणारच, ते नेहमी गाडीत असतं तसं उभं धरायचं. मी ते दोन्ही हातांनी निरांजनासारखं उभं धरलं, त्यांनी हळूच पट्टा ओढला. तरी जाग्यावर.

माझा संयम तेवढाच. मी ते कानाशी नेऊन खुळखुळ्यासारखं हलवलं. "पावणं, आत गोळी एकच हाय न्हवं?"

"एकच."

"मग आवाज दोन कसं? एक जड हाय. दुसरा बारीक, चुरचुर."

"भास आहे."

"माझं डोळं तुमच्या गिऱ्हाइकात. कान अजून माझं हायत."

त्यांनीही कानाशी धरलं. चेहरा जरा बदलला, पण उघडायला तयार नाहीत. एका बाजूच्या झाकणात स्प्रिंग असते, ती सुटली की परत बसत नाही. मी म्हटलं, "मग दुसऱ्या बाजूनं उघडा. आन् बिघडलं तर काय व्हईल? दुपारी गाडी जाणारच हाय की."

चष्म्याचे स्क्रू फिरवायचा तो काडीएवढा पेचकस त्यांनी घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि गोळीच्या बाजूचं झाकण काढलं. बघतो तर आत हळदीचा थर, आणि तांदूळ. एक अख्खा दाणा गोळीच्या खाली घट्ट बसलेला. त्यानं गोळी वर उचललेली, गोळीनं खिट्टी, आणि खिट्टीनं दात धरून ठेवलेले. बिचाऱ्या पट्ट्याला वाटत होतं, गाडी रोजच उलटतेय.

व्याह्यांनी भिंग पुसून परत डोळ्याला लावलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मीच वाहिल्या."

मी म्हटलं, "मान दिला की तुम्ही त्याला. जरा जास्त झाला."

चिमट्यानं त्यांनी एकेक दाणा काढला. पिवळे, कुंकवानं लालसर. सगळ्यांत खाली, कोपऱ्यात, एक दाणा निघाला तो यातला नव्हता. गुलाबी होता, विटलेला. खंडेनवमीच्या अक्षता गुलाबी नसतात. गुलाबी रंगवलेल्या असतात लग्नाच्या. सुमनच्या लग्नाच्या अक्षता माझ्या बायकोनं परातीत घेऊन स्वतः रंगवल्या होत्या, आठवडाभर तिची बोटं गुलाबी होती. त्यांनी तो दाणा चष्मा पुसायच्या मऊ कापडात गुंडाळला आणि माझ्या खिशात घातला, आणि खिशाची गुंडी लावली. पट्टा लावल्यासारखी.

झाकण बसवलं. मी रीळ उभं धरलं, त्यांनी पट्टा ओढला. तो सुर्रकन आला आणि सुर्रकन परत गेला. आम्ही दोन म्हातारे तो काउंटरवर किती वेळा ओढत बसलो ते विचारू नका. दुपारी सांगलीचं गिऱ्हाईक आलं. व्याही म्हणाले, "गाडी विकायची नाही. पण तुम्ही डोळे बारीक करून बघताय, नंबर तपासून घ्या." ते चहा पिऊन आणि नंबर तपासून गेलं.

पुढच्या सोमवारी हॉर्न वाजला. मी विहिरीत उतरलो तसा आत उतरलो, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधी स्वतः पट्टा ओढून खटकन लावला. त्यांनी बघितलं, न बघितल्यासारखं केलं. वाघबिळाच्या चढाला मागनं ट्रॅक्टर आला, गाणी वाजवत पुढं गेला, उसावरचा गडी आमच्याकडं वाकून बघत राहिला. काटा चाळीसच्या अलीकडंच होता. व्याही माझ्या बोलण्याची वाट बघत होते. मी खिशावर हात ठेवून समोरचा डोंगर बघत राहिलो. त्या दिवशी मी "जरा दाबा की" म्हणालो नाही.