जबड्यातला स्प्लिंटर

गडचिरोलीची पोस्टिंग लागली तेव्हा मी हवालदार होतो, आणि घरच्यांपेक्षा मीच जास्त वैतागलो होतो. आमचं दल केंद्राचं. नोकरीत बर्फ पाहिला, वाळवंट पाहिलं, आणि शेवटी साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं ते माझ्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर. मी भद्रावतीचा. कंपनीतली पोरं हरियाणा, बिहार, केरळची. गावात पाणी मागायचं म्हटलं तरी दुभाष्या लागायचा. म्हणून मराठी येणारे दोघे तिकडे धाडले. एक मी. दुसरा नायक सुखदेव, सिंदेवाहीजवळच्या खेड्यातला. वयानं माझ्याहून बराच लहान, बडबडीत माझा आजोबा शोभेल असा.

पोस्टवरचा दिवस ठरलेला असायचा. उजाडण्याआधी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग रस्ता तपासायला पायी पेट्रोल, परत आल्यावर शस्त्रसफाई, संध्याकाळी रोलकॉल. जंगलात एकामागे एक चालायचं, मध्ये अंतर ठेवायचं, तोंड बंद. सुखदेव स्काउट, म्हणजे सगळ्यांत पुढं. त्याच्या मागं मी. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाढलेला माणूस तो. माती कुणी हलवली असेल तर त्याला लांबून कळायचं. एरवी अखंड चालणारं त्याचं तोंड पेट्रोलवर मात्र मुकं व्हायचं. परत आल्यावर सगळी थकबाकी वसूल.

व्यसन एकच, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घासून केलेला आमच्या भागातला हा प्रसाद सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याच्या गालात असायचा. व्हायचं तेच झालं, डाव्या बाजूची दाढ किडली. तो रात्रभर कण्हायचा आणि अख्ख्या बराकीची झोप उडायची. मी म्हटलं, असं तोंड घेऊन पोरगी पाहायला जाशील तर ती मागच्या दारानं पळून जाईल. लग्नाचं नाव काढल्यावर गडी नरमला.

"मंग तुमीच चाला संगं, भाऊ," तो म्हणाला. "मले सुईचं भेव लागते."

सगळ्यांच्या पुढं सुरुंगाच्या वाटेनं चालणारा माणूस दाताच्या सुईला घाबरत होता. मी गडचिरोलीला त्याच्यासोबत गेलो, खुर्चीशेजारी उभा राहिलो, त्यानं माझा हात पिळून काढला. डॉक्टरांनी दाढेत चांदी भरली. काम चालू असताना यानं मध्येच तोंड मिटलं, म्हणून चांदीचा एक कोपरा तिरपा राहिला. त्याला त्याचं काही नव्हतं. पुढचा महिनाभर येईल त्याला तोंड उघडून तो ती चांदी दाखवत होता, मेडल मिळाल्यासारखी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी साडेसहाला आमचं सेक्शन निघालं. नाला ओलांडला. पुढं वाट चढणीची होती, दोन्ही बाजूंना बांबू. सुखदेव थांबला. त्यानं डावी मूठ वर केली, म्हणजे हॉल्ट. आम्ही जिथल्या तिथं बसलो. मग तो माझ्याकडं वळला आणि काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं. ते मी ऐकलं नाही.

स्फोटाचा आवाजही मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी पाठीवर पडलो होतो आणि तोंडात माती, रक्त आणि खडे भरले होते. ते खडे माझेच दात होते, हे नंतर कळलं. मागून आमच्या वायरलेस ऑपरेटरचा आवाज येत होता.

"चार्ली टू, चार्ली टू. ब्लास्ट हुआ है. दो कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कौन कौन? ओव्हर."

"हवालदार साब जिंदा हैं. ओव्हर."

दुसऱ्याचं नाव तो घेईना. त्यावरून मला कळलं.

हेलिकॉप्टरनं मला नागपूरला नेलं. खालच्या जबड्याचे तुकडे झाले होते. ते टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून जोडले आणि वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. मी नळीनं पेज पीत होतो तेव्हा सुखदेवची शवपेटी त्याच्या गावी पोचली. पेटी सीलबंद होती. त्याची आई अंजनाबाई, नवरा लवकर गेलेली, हे एकच पोर धान रोवण्याच्या मजुरीवर वाढवलेली बाई. तिनं पेटी उघडा म्हणून आकांत केला. बरोबर गेलेल्या अधिकाऱ्यानं ती उघडू दिली नाही. त्याचंही चूक नव्हतं. दाखवण्यासारखं काही नव्हतं.

चालता यायला लागल्यावर मी पहिल्यांदा तिच्याकडं गेलो तेव्हा तोंड अजून तारांनी बांधलेलं होतं. तिनं मला समोर बसवलं आणि विचारलं, "तू मांगंच होता ना, बाबू? तू सांग. पेटीत तो होता का?"

मी पाहिलंच नव्हतं. आणि पाहिलं असतं तरी बोलता येत नव्हतं. मी मान खाली घातली. त्याचा अर्थ तिनं तिला हवा तसा लावला. पेटीत दगड भरून आणले, पोरगं कुठंतरी जिवंत आहे, त्याच्या हवालदारानंसुद्धा 'होता' असं म्हटलं नाही, असं ती गावात सांगू लागली. तारा निघाल्यावर मी पुन्हा गेलो. तिनं पुन्हा तेच विचारलं. न पाहिलेल्या गोष्टीचा रिपोर्ट द्यायचा नाही, ही आयुष्यभराची सवय. मी म्हटलं, माय, मी बेशुद्ध होतो. तिला तेवढं पुरलं. ती त्याचे कपडे धुऊन, घडी घालून ठेवायची. फोटोला हार घालू द्यायची नाही. पुढं मीच जाणं कमी केलं.

माझं म्हणाल तर मेडिकल कॅटेगरी खाली आली, पेन्शन घेतली, आणि माजरीला एका खाणीवर सिक्युरिटीचं काम धरलं. जबडा जुळला, पण दुखणं गेलं नाही. एक्स-रेत पट्ट्यांच्या मागं, उजव्या कानाच्या खालच्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसायचा. डॉक्टर म्हणाले, स्प्लिंटर, म्हणजे स्फोटातला लोखंडाचा तुकडा, राहिलाय. चेहऱ्याच्या नसेला लागून आहे, काढायला गेलो तर तोंड वाकडं व्हायचं. सोसतंय तोवर राहू द्या.

मग मी सोसत राहिलो. लोकांना वाटतं, सैनिकाला दुखणं कळत नाही. कळतं, चांगलं कळतं. थंडीत पहाटे ड्यूटीवर जाताना गार वारा लागला की कानशिलापर्यंत कळ जायची. कोळशाचा ट्रक खड्ड्यात आदळला की मी शेजारी उभ्या-उभ्या कळवळायचो. गोळ्यांनी पोट बिघडलं, म्हणून गोळ्या ठेवल्या फक्त वाईट दिवसांसाठी. एरवी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून लावायचं, गमछा घट्ट बांधायचा, डाव्या बाजूनं हळूहळू चावायचं. माझी बायको लता भात हातानं कुस्करून द्यायची, तेव्हा मी तिच्यावरच खेकसायचो. त्या गालाला मी तिलाही हात लावू देत नव्हतो. आणि फुकट सल्ले देणाऱ्यांची तर रांगच होती. एकानं सांगितलं, हसत जा, म्हणजे स्नायू मोकळे होतात. त्याला मी जे सांगितलं ते इथं लिहिता येणार नाही.

खरं औषध एकच होतं, शिव्या. ते लोखंड ज्यानं वाटेत पुरलं त्याचं होतं. सुखदेवला मारलं आणि माझ्या हाडात येऊन बसलं. सकाळी उठल्यावर त्या लोखंडाला पहिली शिवी, झोपताना शेवटची. आईवरून, बापावरून, सगळ्या. कळ आली की मी गाल दाबून त्याला म्हणायचो, तुझा मुडदा बसवला. राग आला की दुखणं थोडं मागं सरतं, हे मी अनुभवानं सांगतो.

यंदा त्या जागी गाठ आली, पू झाला, ताप उतरेना. नागपूरच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आता काढावंच लागेल, नसेचं नशिबावर. जवानांची एक रीत असते. अंगातून निघालेला स्प्लिंटर डॉक्टरांकडून मागून घ्यायचा. कुणी शोकेसमध्ये ठेवतो, कुणी साखळीत घालतो. मी बाईंना आधीच सांगून ठेवलं, निघाला की मला द्या. लोहाराकडं नेऊन घणाखाली ठेवणार आहे. त्या हसल्या, म्हणाल्या, नक्की.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्या स्टीलची वाटी घेऊन आल्या. हसत नव्हत्या. खुर्ची ओढून बसल्या.

"काका, हे लोखंड नाही," त्या म्हणाल्या. "दाढ आहे. तुमची नाही. तुमचे सगळे दात मी जुन्या कागदांवरून जुळवून पाहिले. स्फोट झाला तेव्हा तुमच्या जवळ कुणी होतं का?"

मी वाटीत पाहिलं. खर्र्यानं काळवंडलेली दाढ. वर चांदी. चांदीचा एक कोपरा तिरपा.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. माझ्या हातून वाटी खाली पडली आणि ती दाढ पलंगाखाली गेली. मी टाके विसरून पलंगावरून उतरलो आणि गुडघ्यांवर बसून ती शोधू लागलो. बाई मला उठवत होत्या आणि मी कुणालाच हात लावू देत नव्हतो. दाढ सापडली तेव्हा मी ती मुठीत धरून पलंगाला टेकलो. मी माणसं मरताना पाहिली आहेत. उचलली आहेत. पण असा हादरा मला तेव्हाही बसला नव्हता. इतकी वर्षं ज्याला मी आईवरून शिव्या घातल्या, तो सुखदेव होता.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला, ही दाढ तिच्या हाती द्यायची का? आमच्या जुन्या कंपनी कमांडरना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, नदीत सोडून दे, आईला सांगू नकोस, ती ज्या आशेवर जगते आहे तिच्यावर जगू दे. मला पटलं. नुसता दात नव्हता तो. तो दिला की तिचं पोरगं मेलं, आणि ते मी मारलं, असं मला वाटत होतं. लताला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तिचं हाय ते. आपल्या घरी कसं ठेवाचं?"

टाके ओले असतानाच मी निघालो. भद्रावतीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून मूलवरून सिंदेवाही. एसटीच्या प्रत्येक धक्क्याला डोळ्यांपुढं अंधारी येत होती. खिशातली डबी मी हातानं धरून ठेवली होती.

अंजनाबाई अंगणात धान पाखडत होती. मी जय भीम केला. तिनं माझं सुजलेलं तोंड पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"निंगालं का ते लोखंड?" तिनं विचारलं.

"लोखंड नव्हतं, माय," मी म्हटलं.

मी तिला रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं माझ्यानं सांगणं झालं नसतं. कोण पुढं होतं, कोण मागं. त्यानं आम्हाला कसं थांबवलं. तो माझ्याकडं कसा वळला. डॉक्टरांना काय सापडलं. चांदी भरताना मी त्याच्या शेजारी उभा होतो, हे सांगितलं. मग डबी उघडून तिच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, तेव्हा मी पाहिलं नव्हतं म्हणून बोललो नाही. आता पाहिलं आहे.

ती उठली, तांब्या आणला, दाढ पाण्यानं धुतली, पदरानं पुसली. उन्हात धरून चांदी निरखली.

"फोनवर सांगे मले," ती हळूच म्हणाली. "माय, तोंडात चांदी भरली म्हणे."

मग ती भिंतीला टेकून बसली. मूठ छातीशी. रडेल म्हणून मी वाट पाहत होतो. शेजारच्या बायका दारात जमल्या. शेवटी तिनं विचारलं, "लय दुखलं का?"

"त्याले कळलंही नसन, माय," मी म्हटलं. "एका क्षणात झालं."

"त्याचं नाई. तुले इचारून राह्यली." तिनं माझ्या गालाकडं पाहिलं. "एवढे वर्षं तरास देला तुले माह्या पोरानं. माफ कर बाबू त्याले."

मला हुंदका आवरला नाही. टाके ताणले गेले, पट्टीतून रक्त आलं, तरी मी लहान पोरासारखा रडत राहिलो, आणि तिनंच मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकऱ्यांनी त्रिशरण म्हटलं आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिनं दाखवलेल्या जागी, ती दाढ पुरली. बिगुल नव्हता, फायरिंग नव्हतं. माझ्या पायात चपला होत्या आणि डोक्याला बँडेज. मी सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला. खरी अंत्ययात्रा निघाली तेव्हा मी इस्पितळात होतो, त्यामुळे त्याला सॅल्यूट करायचा राहिलाच होता.

जबडा अजून ठणकतो. नस दुखावली आहे, हे दुखणं राहणार, असं बाई म्हणतात. आता शिवी तोंडाशी येते आणि परत जाते. माझ्या सेक्शनमध्ये त्या सकाळी आम्ही अकरा जण निघालो होतो. दहा परत आले. नायक सुखदेव यायचा राहिला होता, तो त्या दिवशी घरी पोचला.