न गिळलेला घोट

आबदारकाकांनी चाळीस वर्षं दारू तोंडात घेतली आणि एक घोटसुद्धा गिळला नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मी कुणाला हसू देणार नाही. आमच्या इंदुरात सरदारांच्या कोठ्यांवर, म्हणजे बंगल्यांवर, असे आबदार असत. मालकांचं पाणी, सरबतं आणि विलायती मद्यं सांभाळणारे. पाहुण्यांपुढे बाटली जाण्याआधी त्यांनी ती चाखायची, तोंडात घोळवायची आणि पिकदाणीत टाकून द्यायची. "जिभेचं काम जिभेनं करावं, पोटाला मध्ये घेऊ नये," असं काका म्हणत. आणि अशा माणसाला लोक बेवडा म्हणून पोचवून आले! मला अजूनही संताप येतो.

मध्यभारत प्रांत नुकताच झाला होता. संस्थानं गेली, सरदारांचं उत्पन्न आटलं आणि माझे वडील ज्या कोठीवर फडणीस होते, तिथल्या धाकट्या साहेबांनी तळघरातला विलायती माल विकायला काढला. यादी हवी होती. बाटल्यांवरची अक्षरं फ्रेंच आणि काकांना देवनागरीही जेमतेम. मी तेव्हा एकवीस वर्षांची, बी.ए.ला फ्रेंच घेतलेली, जुलैपासून मुलींच्या शाळेत नोकरी ठरलेली. वडील म्हणाले, "घरी बसून काय करतेस? यादी करून दे."

काकांनी माझी वही पाहिली आणि नाक मुरडलं. "ताईसाहेब, नाव लिहाल, साल लिहाल. चव कोण लिहिणार? चवीशिवाय यादी म्हणजे वाण्याची यादी झाली."

"अहो काका, मी फडणीसांची मुलगी! कुणाला कळलं तर नोकरीही जाईल आणि लग्नही व्हायचं नाही."

"गिळायला कोण सांगतंय? जीभ आहे ना तुम्हाला?" ते म्हणाले. मला खरं म्हणजे उठून यायला हवं होतं. पण जीभ आहे का म्हणून कुणी विचारलं की मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे, तेव्हाही नव्हते.

पहिला आठवडा त्यांनी मला वाइन दाखवलीसुद्धा नाही. तीन तांबे मांडायचे: एकात नळाचं पाणी, एकात कोठीच्या विहिरीचं, एकात खजरान्याकडच्या एका विहिरीचं. कुठलं कुठलं ते मी ओळखायचं. "पाणी ते पाणी, त्यात काय ओळखायचं?" असं मी म्हटलं, तर असे चिडले म्हणता! "ज्याला पाणी कळत नाही त्याला चहा कळत नाही, वाइन तर दूरच. आबदार म्हणजे आधी पाणीवाला." पाचव्या दिवशी मला खजरान्याचं पाणी कळलं. आधी गोडसर लागायचं आणि मग जीभ कोरडी पडायची. काकांनी नुसती मान हलवली. शाबासकी देण्यात फार कंजूष माणूस.

एकदा मी मोगऱ्याचा गजरा माळून गेले. तळघराच्या पायरीवरच त्यांनी मला अडवलं. "घरी जा. आज काही होणार नाही." मी गजरा काढून फेकते म्हटलं, तर म्हणाले, "केसांतला वास कसा फेकाल?" भर उन्हात चालत परत गेले मी. रस्ताभर त्यांना शिव्या घातल्या. स्वतः मात्र चाखायच्या दिवशी ना विडा खात, ना तपकीर ओढत. घरी लसणाची फोडणी पडली तर उपाशी येत.

मग एका सकाळी पहिली लाल वाइन उघडली. त्यांनी बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरली आणि इतक्या हळू ओतली की मला जांभया यायला लागल्या. जुन्या वाइनच्या तळाशी गाळ बसतो. तो मानेशी आला की हात थांबलाच पाहिजे. ग्लासामागे पांढरा रुमाल धरून रंग बघायचा, ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं, मग लहान घोट घेऊन तोंडभर फिरवायचा. मी फिरवला, थुंकले आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"काय वाटलं?"

"आंबट."

"आंबट कुठलं? चिंचेचं, ताकाचं की कैरीचं?"

मी पुन्हा घोट घेतला. चिंच नव्हती, ताक तर नव्हतंच. कैरीही नव्हती. "जांभूळ," मी म्हणाले. "आणि मग सुपारीसारखं, जीभ ओढणारं."

"हां भिया! अब आया!" काकांनी इंदुरी थाटात मांडीवर थाप मारली. त्या दिवसापासून ताईसाहेब गेल्या आणि मी 'बेटा' झाले. बारा जातींची वाइन होती तळघरात. प्रत्येकीची एकेक बाटली उघडली आम्ही. एकीत मला लवंग सापडली, एकीत घोड्याचं खोगीर, आणि एका पांढरीत चक्क पावसाआधीची माती. चव तोंडात किती वेळ राहते ते काका बोटांच्या पेरांवर मोजत. एक जात आंबून गेलेली निघाली तेव्हा म्हणाले, "लिही: गेली. विकत घेणाऱ्याला फसवायचं नाही." असा माणूस!

आता त्या दिवसाचं सांगते. धाकटे साहेब मुंबईला राहिलेले, घाई फार. त्यांनी माल बघायला कुणाला बोलवावं? मोहाच्या दारूच्या ठेकेदाराला! वडील, मी आणि काका, तिघंही हजर होतो. ठेकेदारानं सगळ्यांत जुन्या लाल वाइनची बाटली धरून गदागदा हलवली. काकांच्या तोंडून "अरे अरे" निघालं. मग त्यानं चमच्यात थोडी ओतली आणि खिशातून काडेपेटी काढली. मोहाची पहिल्या धारेची दारू काडी लावली की पेटते, निळी ज्योत देते. पाणी घातलेली पेटत नाही. एवढीच त्या माणसाची विद्या. वाइन कुठली पेटायला! एक काडी, दोन काड्या, तीन काड्या.

"देखो साहब, जली ही नहीं," तो म्हणाला. "पानी है पानी. और ये नीचे कचरा पड़ा है. तुम्हारे आदमी ने माल पी लिया और पानी भर दिया."

आणि धाकट्या साहेबांना ते पटलं! याच आबदाराच्या हातचं पाणी पीत जे लहानाचे मोठे झाले, त्यांना! "चाळीस वर्षं आमचं मीठ खाऊन हे केलंत?" ते ओरडले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काड्या कसल्या लावता?" मी म्हणाले. "ही द्राक्षाची आहे, ती पेटत नसते. आणि पाण्याचा थेंब नाही तिच्यात. मी स्वतः चाखली आहे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. धाकट्या साहेबांनी माझी वही ओढून घेतली, चवीचा रकाना वाचला आणि विचारलं, "हे तुम्ही चाखून लिहिलंत?"

मी 'हो' म्हणणार तेवढ्यात काका पुढे आले. "नाही साहेब. मी बोललो, त्यांनी लिहिलं. ताईसाहेबांना माझी दया आली म्हणून असं बोलतायत. त्यांनी बुचालासुद्धा नाक लावलेलं नाही." आणि हात जोडून म्हणाले, "पाणी मीच घातलं."

मी "काका!" म्हणून ओरडले. वडिलांनी माझा दंड धरला आणि मला अक्षरशः ओढत बाहेर नेलं. झालं. संपलं. ठेकेदारानं सगळा माल मातीमोल भावानं उचलला आणि पिंपात ओतून मोहाच्या दारूत मिसळला, असं नंतर कानावर आलं. माझी लवंग, माझी पावसाआधीची माती, सगळं त्या पिंपात! ज्यांनी हे केलं त्यांची गावात इज्जत राहिली. काकांना मात्र कोठीच्या आवारातली खोली सोडावी लागली. ते देवासला लेकीकडे गेले.

वर्षभरानं मी देवासला त्यांना भेटायला गेले. भेटायला कसली, भांडायलाच. लेक मागे स्वयंपाकघरात होती म्हणून आवाज दाबून भांडले. "तुम्ही मला खोटं पाडलंत काका. तुमच्यासाठी एक माणूस उभं राहिलं होतं, त्यालाही बसवलंत!"

"शाळेत शिकवतेस ना?" त्यांनी विचारलं.

"शिकवते."

"मग झालं."

"काय झालं? मग मला हे सगळं शिकवलंत तरी कशाला?"

"कुणाला तरी यायला हवं होतं ना, बेटा," ते म्हणाले आणि मला लेकीच्या हातचे पोहे खायचा आग्रह करायला लागले. मी रागानं खाल्ले नाहीत. किती मूर्ख होते मी!

ते गेले तेव्हा मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला होता, आणि माझं लग्नही झालं होतं. तेराव्याला मी नवऱ्याबरोबर देवासला गेले. पानं वाढली होती. कोठीवरच्या जुन्या मंडळींपैकी एक गृहस्थ हळहळत म्हणाले, "माणूस वाईट नव्हता हो. बाटलीनं घात केला."

मी पानावरून उठले. "बाटलीनं नाही, माझ्यामुळे झालं ते," मी म्हणाले. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मग मी सगळं सांगितलं, काही म्हणजे काही राखलं नाही. बारा जातींची वाइन मी माझ्या या तोंडानं चाखली, त्यांनीच शिकवलं, एका बाटलीतही पाणी नव्हतं, आणि त्यांनी स्वतः आयुष्यात एक घोट गिळला नाही. माझी अब्रू जाऊ नये म्हणून त्यांनी चोरी अंगावर घेतली.

काकांची लेक वरणाचं भांडं हातात घेऊन दारात उभी होती. ती माझ्यापाशी आली आणि तिनं अगदी हळू विचारलं, "म्हणजे बाबांनी पाणी घातलं नव्हतं?"

तिलासुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी. इतकी वर्षं त्या बाईच्या घरात, तिच्या हातचं खात, चोर म्हणून राहिला हा माणूस.