थापाची पोर

मानबहादूर थापा चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. नेपाळातून आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढे लातूरकडच्या औशाहून भोसरीत कामाला आलेल्या सुमनताईंशी लग्न केलं आणि तो इथलाच झाला. कागदावर मात्र नेपाळीच राहिला. त्यांची एकुलती एक मुलगी विजयश्री पिंपरीत जन्मली, भोसरीत शिकली.

पोलीस भरतीत ती धावली, गोळा फेकला, लेखीही पास झाली. आता फक्त कागदपत्रांची तपासणी उरली होती. त्यासाठी राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला लागत होता, म्हणून ती बापाला घेऊन दाखल्याच्या कार्यालयात गेली. कारकुनाने अर्जावरचं नाव वाचलं आणि गणवेशातच आलेल्या मानबहादूरकडे पाहिलं.

"बाप नेपाळी आणि पोरगी पोलीस? असं कसं चालेल?"

"माझी आई भारतीय आहे, साहेब. माझ्या जन्माच्या वेळच्या कायद्यानं दोघांतलं एक भारतीय असलं तरी पुरे होतं."

"कायदा मला शिकवू नकोस." मग त्याने आवाज खाली आणला. "सोपं आहे. नवरा सोडून गेला, ठावठिकाणा नाही, असं आईकडून लिहून आण. आईचं आडनाव लाव. लगेच दाखला देतो."

विजयश्रीची कानशिलं तापली. बाप समोर उभा असताना हा माणूस हे बोलत होता! आणि मानबहादूर खाली मान घालून म्हणाला, "दे ना लिहून, पोरी. माझं नाव नसलं तर काय बिघडतं?"

तेव्हा तिचा भडका उडाला. "बाबा, गप्प बसा! आयुष्यभर लोकांचं गेट सांभाळलंत, स्वतःचं नाव सांभाळता येत नाही? आणि साहेब, खोटं लिहून देऊन पोलीस होऊ? नाकारायचं असेल तर लेखी नाकारा!"

लेखी त्याने काहीच दिलं नाही. 'आज या, उद्या या' करत ताटकळत ठेवलं. शेवटी ती तहसीलदार बाईंच्या दारातच बसली. बाईंनी आईची कागदपत्रं पाहिली आणि उभ्या उभ्या सही केली. पण तोवर तपासणी उरकली होती. "मुदत गेली," भरतीच्या टेबलावरून सांगितलं. तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला गेली.

निदान दाखला तरी मिळाला म्हणून सुमनताईंनी पेढे आणले. विजयश्रीने पुडा बाजूला सारला. "कसले पेढे, आई? मी इथली आहे हे तुला आज कळलं का?"

तिने तक्रार केली. कारकुनाचं टेबल बदललं, बस्स.

पुढच्या भरतीसाठी ती पुन्हा मैदानावर जाते. बरोबरीच्या मुली म्हणतात, "ते दाखल्याचं जाऊ दे गं आता." ती धावायची थांबते आणि विचारते, "का जाऊ देऊ?"