शकूच्या हातची झोप

शकूच्या हाताखालून गेलेलं मूल तीन तास गाढ झोपतं, ही गोष्ट पुण्यातल्या निदान चार पेठांना माहीत होती, आणि सगळ्यात आधी ती शकूला माहीत होती. बाळंतिणीला मालिश, बाळाला आंघोळ, मग शेक-शेगडी, हे काम ती सव्वीस वर्षं करत आली होती. सासूकडून शिकली आणि सासूपेक्षा मोठं नाव कमावलं. हडपसरहून सकाळची बस पकडायची, तेलाची बाटली पिशवीत उभी ठेवायची, आणि दुपारी एकपर्यंत दोन-तीन घरं उरकायची. गर्व होता तिला, नव्हता असं नाही. शेकड्यांनी बाळं पायांवर घेऊन न्हाऊ घातलेल्या बाईला थोडा गर्व असला तर कुणाचं काय जातं?

नारायण पेठेतल्या उल्काबाईंकडे ती लागली ती त्यांच्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणात. उल्काबाई निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहायच्या. मुलगी वल्लरी माहेरी आली होती, जावई सौमित्र नोकरीला बंगळुरूत, महिन्यातून दोनदा तोंड दाखवणार. बारसं झालं, बाळाचं नाव आमोद ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून शकू यायला लागली. उल्काबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "शकूबाई, साडेआठ म्हणजे साडेआठ. पावणेनऊला आलात तर दारावरची पाटी वाचून परत जायचं."

शकू हसली. पेठेतल्या बायकांचं बोलणं तिला अंगवळणी पडलं होतं.

घरात विषय एकच होता, दूध. वल्लरीचं सिझेरियन झालं होतं, दूध उशिरा उतरलं, आणि आमोदचं जन्मवजन बाराव्या दिवशीही भरून आलं नव्हतं. दवाखान्यात पूर्वा नावाची स्तनपान शिकवणारी ताई होती. तिनं वल्लरीला सांगितलं होतं की दिवस-रात्र मिळून दहा-बारा वेळा पाजायचं, पाजून झालं की पंपानं उरलेलं काढायचं, आणि काढलेलं दूध बोंडल्यानं बाळाला द्यायचं. जितकं दूध निघेल तितकं नवं तयार होईल. वल्लरी सगळं करत होती, मोबाईलवर गजर लावून करत होती. पंपाच्या बाटलीत तळ झाकण्यापुरतं दूध यायचं आणि ती त्याकडे बघत बसायची. उल्काबाईंनी अळिवाचे लाडू, शतावरी, खसखशीची खीर असा मारा चालवला होता. लाडवांनी वल्लरीचं वजन वाढत होतं, आमोदचं नाही.

शकूनं पहिल्याच दिवशी वल्लरीला पाजताना पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. पोरगी बाळावर ओणवी होत होती, ओठ दाताखाली धरून. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, त्यातून रक्त यायचं.

"ताई, तुम्ही वाकू नका. पोराला वर आना," शकू म्हणाली. "मांडीवर उशी घ्या. त्याचं पोट तुमच्या पोटाला टेकू द्या. आता घाई न्हाई करायची. त्यानं मोठा आ केला की मग लावायचं. नुसतं टोक न्हाई, खालचा काळा भाग बी तोंडात जायला पाहिजे."

तीन वेळा काढून परत लावलं. चौथ्या वेळी आमोदची हनुवटी नीट टेकली, आणि थोड्या वेळानं गिळल्याचा आवाज यायला लागला. वल्लरीनं मान वर केली.

"दुखत नाहीये, मावशी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्या दिवसापासून वल्लरीला शकूमावशीशिवाय चैन पडेना. दूध किती निघालं, लंगोट किती ओले झाले, सगळं आधी मावशीला सांगायची. शकूनं तिला स्वतःचं सांगितलं. लेकीच्या, पायलच्या वेळी तिला दहा दिवस दूध नव्हतं. सासूनं कामाला हात लावू दिला नाही, लेकरू उघड्या अंगाला बांधून निजवलं आणि दर तासाला पाजायला लावलं. "यील. आईचं दूध हट्टी असतंय, पन यील," शकू म्हणायची. हे ती मनापासून म्हणायची. वल्लरीला दूध यावं हे आता तिला स्वतःचंच काम वाटायला लागलं होतं.

एका गोष्टीत मात्र उल्काबाईंनी आपलं चालवलं. पूर्वाचं म्हणणं होतं की आंघोळीनंतर बाळ भुकेलं असतं, तेव्हा लगेच पाजावं. उल्काबाई म्हणाल्या, "आधी तुझा शेक होऊ दे. अंग थंड पडलं की पुढे आयुष्यभर कंबर धरून बसशील. त्याला मी निजवते." बाळंतपणात आईच्या शब्दापुढे जायचं नसतं. शकू न्हाऊ घातलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ उल्काबाईंच्या हातात द्यायची, दार लोटायची, वल्लरीला मालिश करायची, बाजेखाली ओव्या-शेपाची शेगडी सरकवायची. पाऊण तासानं बाहेर यावं तर आमोद पाळण्यात डाराडूर. तीन तास हलायचा नाही.

"शकूबाईंचा हात म्हणजे काय विचारता," उल्काबाई ज्याला त्याला सांगायच्या. सांगितलं तेही नुसतं घरात नाही. त्यांच्या शब्दावर शकूला त्याच इमारतीत एक आणि मागच्या गल्लीत दोन अशी तीन घरं मिळाली. शकूनं सासूच्या फोटोसमोर उदबत्ती जास्तीची लावली.

पंधरवड्यानं वजन केलं तर काटा चांगलाच वर गेलेला. वल्लरीनं दवाखान्यातूनच सौमित्रला फोन लावला. पूर्वाही खूश झाली. बाळ इतकं छान वाढतंय तर पंप आता हळूहळू कमी केला तरी चालेल, म्हणाली. दुसऱ्या दिवशी वल्लरीनं शकूला मिठी मारली, तेलकट हातांसकट. "मला जमलं, मावशी."

आणि मग सगळं उलटं फिरलं. पंप कमी झाला तसं आठ दिवसांत वल्लरीला हलकं हलकं वाटायला लागलं. आमोद छातीशी आला की दोन घोट घेऊन तोंड फिरवायचा, रडायचा, पाठीची कमान करायचा. "वजन वाढतंय, मग दूध कुठेय?" वल्लरी विचारायची. लाडू पुन्हा सुरू झाले.

खरं सांगायचं तर शकूला कळायला हवं होतं. रोज आंघोळीआधी बाळाची शी तीच धुवायची. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, पातळ, आंबूस वासाची असते, आणि वरचं दूध घेणाऱ्याची घट्ट, वेगळ्याच वासाची. हे तिला डोळे मिटूनही ओळखता आलं असतं. कित्येक दिवस तिनं ती घट्ट शी धुतली आणि हवा पालटली असेल, लाडवांचा परिणाम असेल, असं मनाशी म्हणत राहिली. कारण पोर झोपतंय ते आपल्या हातानं, हे ऐकायला बरं वाटत होतं. कौतुकानं माणूस आंधळा होतो तो असा.

एका सोमवारी मालिशेच्या मध्येच तेल संपलं. शकू वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली. उल्काबाई ओट्याला पाठ टेकून उभ्या होत्या. एक पाय स्टुलावर, त्या मांडीवर आमोद, आणि त्याच्या तोंडात बाटली. मागे पिठाच्या डब्याआड पावडरचा डबा.

उल्काबाई दचकल्या नाहीत. "बघून झालं असेल तर दार ओढून घ्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

शकूनं दार ओढून घेतलं, पण आतल्या बाजूनं. "बाई, कधीपासून?"

"वल्लरी तीन आठवड्यांची असताना मी तिला घेऊन दवाखान्यात धावले होते. अंगातलं पाणी संपलं होतं तिच्या. माझं दूध पुरतंय असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पुन्हा तसं बघायची ताकद माझ्यात नाही."

"पाजा की मग. कोन न्हाई म्हनतंय? पन त्यांना सांगून पाजा. डाक्टरला कळू द्या किती देताय ते. ती पोरगी वजन बघून आपलं दूध वाढलं समजली, पंप कमी केला. तुम्ही तिचं दूध आटवताय, बाई."

"तिला सांगितलं तर ती कोसळेल."

"आनि आता काय उभी हाय व्हय?"

उल्काबाईंनी रिकामी बाटली ओट्यावर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. शकूला त्यांची दया आली, आणि तिथेच ती चुकली. "बाई, तुम्हीच सांगा. आईनं सांगितलेलं बरं. गुरवारपतुर सांगा, न्हाईतर मला सांगावं लागंल." उल्काबाईंनी मान हलवली. तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तुमच्यासारखी बाई मिळाली, माझं नशीब."

तीन दिवस शकूनं वल्लरीच्या डोळ्यांकडे न बघता मालिश केली.

गुरुवारी साडेआठला दार वल्लरीनंच उघडलं. डोळे सुजलेले. शकूला वाटलं, चला, सांगितलं एकदाचं. ती चप्पल काढायला वाकली.

"नका काढू," वल्लरी म्हणाली. "मावशी, तुम्ही असं का केलंत?"

शकू तशीच वाकलेली राहिली.

"आईनं सगळं सांगितलं मला. डबा तुम्ही आणलात. मूल झोपलं की तुमचं नाव होतं म्हणून सगळ्या घरांत हेच करता. आईला म्हणालात, मुलीला सांगू नका, तिला यायचं नाहीच दूध."

शकूनं आत पाहिलं. उल्काबाई सोफ्यावर आमोदला थोपटत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ताई, मी पोरांच्या तोंडात तेलाचं बोट सुदिक घालत न्हाई," शकू म्हणाली. "बाई, बोला की. सोमवारी काय झालं ते बोला."

"मी शिक्षिका होते, शकूबाई. वर्गात पकडली गेलेली मुलं अशीच दुसऱ्याकडे बोट दाखवतात," उल्काबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं.

वल्लरी दोघींकडे बघत होती. शकू त्या एका क्षणाची वाट बघत उभी राहिली. जिच्या चिरा भरून आणल्या, ती एवढं तरी ओळखेल, असं तिला वाटत होतं. वल्लरीनं दार लावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत ती तीन घरं गेली. एकीनं फोनवर कारण सांगितलं, दोघींनी नुसतंच उद्यापासून नको म्हटलं. पुढच्या महिन्यात शनिवार पेठेतलं एक जुनं घर गेलं, तिथे तर तिनं आई आणि लेक दोघींची बाळंतपणं केली होती. नाव करायला सव्वीस वर्षं लागली होती. जायला एक गुरुवार पुरला. शकू कुणाशी भांडायला गेली नाही. बसमध्ये खिडकीशी बसून ती बोटांकडे बघायची आणि संताप इतका यायचा की हडपसर कधी आलं ते कळायचं नाही.

पाच महिन्यांनी रविवारी सकाळी हडपसरला शकूच्या दारात रिक्षा थांबली. वल्लरी उतरली, कडेवर आमोद. मांड्यांना वळ्या पडलेला, गुबगुबीत. शकूनं न ठरवताच हात पुढे केले. दंड चाचपला, पाठ पाहिली. पोर ठणठणीत होतं.

"सगळं माझंच दूध आहे, मावशी," वल्लरी म्हणाली. "डॉक्टरांनी वरचं दूध मोजून द्यायला लावलं, तेही बोंडल्यानं. दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं. मी पुन्हा पंप सुरू केला. तुम्ही शिकवलं तसं, मांडीवर उशी घेऊन पाजलं. सात आठवडे लागले. मग डबा बंद झाला."

आमोद कुरकुरला. वल्लरी भिंतीला टेकून बसली, बाळाला वर आणलं, थांबली, त्यानं मोठा आ केल्यावर लावलं. दूध इतकं जोरात आलं की त्याला ठसका लागला. शकूच्या मनात आनंद झाला. राग होता तिथेच शेजारी तो झाला, ती काय करणार.

"मला माहितेय तुम्ही काही केलं नव्हतं," वल्लरी खाली बघत म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलेला डबा आणायला औषधाच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, आजींनी पहिला डबा नेला तेव्हा बाळ दहा दिवसांचं होतं. तुम्ही तर तेव्हा आलाही नव्हता. घरी येऊन विचारलं. आई रडली, कबूल केलं."

"हे कधी झालं?"

"तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी."

शकूनं हिशेब केला नाही. करायची गरज नव्हती.

"मला आईची गरज होती, मावशी. सौमित्र इथे नव्हता. आई दुरावली असती तर मी एकटी काय केलं असतं? वाटलं, तुम्ही समजून घ्याल." मग ती घाईनं म्हणाली, "आता माझ्या मैत्रिणीला बाळ झालंय, कोथरूडला. तिलाही दूध कमी आहे. तुमच्याशिवाय मला दुसरं कुणी सुचेना."

"त्या चार घरांत तू सांगितलंस? शकूनं न्हाई केलं म्हनून?"

वल्लरीनं आमोदच्या डोक्यावरून हात फिरवला. "आईला तिथेच राहायचंय ना, मावशी. लोक काय म्हणतील तिला?"

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. आमोद डोळे मिटून, मूठ आईच्या छातीवर ठेवून पीत होता. वल्लरीनं त्याला सोडवायला बोट पुढे नेलं.

"राहू दे," शकू म्हणाली. "त्याचं पोट भरू दे. मग जा."

आणि बाळाचं पिणं होईपर्यंत ती दारात पाठमोरी उभी राहिली.