दर एक तारखेचा फोटो

आपण कुठे राहतो हे आमच्या भावजींइतकं कागदोपत्री सिद्ध करू शकणारा माणूस साऱ्या दुबईत दुसरा नसेल, आणि तिथून निघण्याच्या तयारीत त्यांच्याइतकी वर्षं बसलेलाही नसेल. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चिपळूणपासूनचे मित्र. शारजाच्या औद्योगिक भागात गाड्यांच्या सुट्या भागांचं एक गोदाम आहे, तिथे ते स्टोअरकीपर. राहायला दुबईच्या करामा भागात, आमच्याच इमारतीत, दोन मजले वर. त्यांची मुलगी तीन महिन्यांची असताना अमेरिकेतल्या बहिणीने त्यांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला आणि फोनवर सहज सांगितलं, "नंबर लागेपर्यंत तिकडच्या रेसिडेन्सीचे पुरावे नीट ठेव." ती बाई हे वाक्य आठवड्याभरात विसरली असणार. भावजींनी त्यावर आयुष्य बेतलं.

विजेची बिलं, भाडेकरार, व्हिसाच्या प्रती हे सगळेच ठेवतात. भावजी बेकरीच्या पावत्याही ठेवत. गोदामात नट-बोल्टला लावतात तसे प्रत्येक कागदाला क्रमांक, आणि त्याची वेगळी वही. खालचा मल्याळी न्हावी पावती देत नसे, कारण त्याच्याकडे पावतीपुस्तकच नव्हतं. भावजींनी त्याला ते आणून दिलं. सहा महिने सलग देशाबाहेर राहिलं तरच इथली रेसिडेन्सी जाते, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. एका कंपनीत कामगारांच्या व्हिसाचे कागद बघणं हेच माझं काम आहे, तेव्हा मला थोडं कळतं. पण गावी त्यांच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिकडे गेलेला हा गृहस्थ बाराव्या दिवशी परत हजर. "नियम सहा महिन्यांचा आहे, भावजी," मी म्हटलं. ते म्हणाले, "नियम असेल, वहिनी. मला गॅप नको."

सगळ्यात मोठा सोहळा एक तारखेचा. त्या दिवशी कामावर जाण्याआधी भावजी इमारतीच्या दारात त्या दिवसाचं वर्तमानपत्र छातीशी धरून उभे राहत आणि त्यांची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, समोरच्या फुटपाथवरून फोटो काढत. वर्तमानपत्राची तारीख आणि दारावरचा इमारतीचा नंबर दोन्ही दिसलं पाहिजे, नाहीतर पुन्हा. तान्ही मुलगी घरात एकटी कशी ठेवायची, म्हणून ती त्यांच्या कडेवर. पुढे ती शेजारी उभी राहू लागली, युनिफॉर्ममध्ये, दप्तरासकट, शाळेची बस यायच्या आत. मोठी झाल्यावर कुरकुर करायची, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग." भावजी म्हणत, "तुझ्यासाठीच चाललंय. नंबर बघ, झाकला जातोय."

आणि खरंच तिच्यासाठीच चाललं होतं. तिला अमेरिकेत शिकवायचं, तिचं तरी दर दोन वर्षांनी व्हिसाचा शिक्का मोजणं सुटावं, एवढीच त्यांची इच्छा. जायचंच आहे म्हणून घरात भिंतीला खिळा नाही. लग्नात मिळालेलं घड्याळ फ्रिजवर टेकवलेलं. फ्रिज उघडला की ते पालथं पडायचं आणि जो फ्रिज उघडेल त्याने ते उचलायचं, हा घरचा नियम. सोफा घेऊ या म्हटलं की, "आता काय, दोन-तीन वर्षांचा प्रश्न." हे मी त्यांच्या तोंडून तीन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून ऐकलंय. सगळ्या दुसऱ्यांनी घर सोडताना दिलेल्या.

अडचण एकच होती. मूल एकवीस वर्षांचं झालं की आई-बापांच्या अर्जातून गळतं. थोडी सवलत मिळते, पण थोडीच. भावजी दर महिन्याला रांग कुठवर आली ते बघत. मुलीचा एकविसावा वाढदिवस झाला, केक कापला, सगळ्यांनी खाल्ला. सवलतीचे महिनेही गेले. रांग आपली गोगलगाईसारखी.

अमेरिकन वकिलातीचं मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि इथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली होती. एका रविवारी भावजी तीन पिशव्या घेऊन आमच्याकडे आले. मुलाखतीला नेण्याआधी मी कागद तपासावेत म्हणून. मी यादी वाचली. वकिलातीने पोलिसांचा दाखला मागितला होता, पासपोर्ट, जन्माचा-लग्नाचा दाखला, अशी आठ-दहा कागदांची गोष्ट. न्हाव्याच्या पावत्या कोणीच मागितल्या नव्हत्या. तसं सांगितलं, तरी त्यांनी फोटोंचा गठ्ठा पुढे केलाच. "मोजून घ्या. एक कमी आहे, तिला कांजिण्या आल्या होत्या."

मी मोजायला बसले. पावणेतीनशेच्या आसपास होते. आधी स्टुडिओत धुतलेले, मग फोनवरून छापलेले. तेच दार, तोच नंबर, भावजींच्या डोक्यावरचे केस कमी होत जाणारे. आणि शेजारी ती. कडेवर, मग गुडघ्याएवढी, खांद्याएवढी, मग बापापेक्षा दोन बोटं उंच.

"भावजी, पत्रावर दोघांचीच नावं आहेत," मी म्हटलं.

"माहितीय."

"तुम्ही दोघं जाऊन कार्ड घ्या. मग तिच्यासाठी तिकडून अर्ज करता येतो."

"तिचा नंबर लागेपर्यंत मी सत्तरीचा होईन." मग ते गठ्ठ्याच्या कडा जुळवत बसले. कडा सरळ झाल्यावर म्हणाले, "वहिनी, हे एवढं सगळं बघून कोणीही म्हणेल, हा माणूस इथेच राहतो. मीच तेवढा मान्य करत नव्हतो."

मी चहा टाकायला उठले. अशा वेळी माणसाला एकटं सोडलेलं बरं.

मुलाखतीची तारीख आली आणि गेली. बहीण फोनवर खूप ओरडली. ओरडणारच, तिचीही तेवीस वर्षं त्यात होती. इथेही कायमचं काही नाहीच. साठीनंतर मालक व्हिसा वाढवेल की नाही ते इन्शाल्ला. पण त्या आठवड्यात भावजींनी ड्रिलवाला बोलावला आणि घड्याळ भिंतीवर चढलं. पावती घेतली, क्रमांक टाकला. सवय जात नाही.

पुढच्या एक तारखेला सकाळी माझी बेल वाजली. फोटो मी काढायचा होता, कारण या वेळी वहिनीही दारात उभ्या राहणार होत्या. इतक्या वर्षांत त्या एकाही फोटोत नव्हत्या, हे आम्हा कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी रस्ता ओलांडून उभी राहिले. तिघं दारात मावत नव्हती.

"थोडं डावीकडे सरका, नंबर झाकला जातोय," मी ओरडले.

"राहू दे, वहिनी," भावजी म्हणाले. "नंबर नाही आला तरी चालेल. आम्ही तिघं येऊ."

वर्तमानपत्रही त्यांनी आणलं नव्हतं. मी दोन पावलं मागे गेले आणि नंबरासकट फोटो काढला. कागदाचं कधी काय काम पडेल, सांगता येत नाही.