माझे साडू आणि डुमसचा सूर्यास्त

माझ्या साडूंइतका मोठ्यानं बोलणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आमच्याच खानदेशातले; पंचवीस वर्षं इथं सुरतेत नवागामजवळच्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवतात. तिथल्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, आणि घरी आल्यावर आवाज खाली आणायचं त्यांना सुचत नाही. त्यांनी फोनवरून आमच्या मुलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की खालच्या मजल्यावरच्या काकूही ‘थँक्यू’ म्हणतात. भर मे महिन्यात ते लोकरीची कानटोपी घालतात. कुठंही निघाले की कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा बरोबर असतोच, आणि शेजारी बसेल त्याला, त्याचा उपास असला तरी, अर्धी भाकरी खावीच लागते. एकदा एका कचेरीत त्यांनी खिडकीतल्या कारकुनालाच जेवू घातलं. तो ठेच्यानं डोळे पुसत राहिला, आणि मागच्या रांगेला वाटलं, साहेब याला फार बोललेले दिसतात.

पण त्यांचा खरा जीव फोटोत. सुटीच्या दिवशी शेजाऱ्याची व्हॅन मागून घ्यायची, डुमसच्या किनाऱ्यावर फिरायच्या वाटेनं चालत सुटायचं आणि मोबाइलवर मावळत्या सूर्याचे फोटो काढायचे, हा त्यांचा नेम. अट एकच, सूर्यासमोर माणूस हवा. घरचं कुणी नसेल तर भजी खात बसलेल्या अनोळखी कुटुंबाला ते उठवून उभं करतात. मी एकदा म्हटलं, “अहो, नुसता सूर्य किती छान दिसतो.” तर म्हणाले, “सूर्य त रोजच बुडस. संगे कोन व्हतं, ते कसं समजी?”

गेल्या हिवाळ्यात मी नवा कॅमेरा घेतला. आमच्या बँकेत नव्या मॅनेजरबाई आल्या होत्या, त्यांना फोटोग्राफीची हौस. रविवारी डुमसला जायचं ठरलं. त्या आणि दोन सहकारी परस्पर रिक्षानं येणार होते. परतताना सोडण्याचं मी मोठेपणानं कबूल केलं होतं, अर्थात साडूंच्या व्हॅनच्या भरवशावर. साडू तर हरखूनच गेले. “तुना हापिसनी मंडळी! मंग भाकरी जास्ती लागतीन!”

इथं एक कबूल केलं पाहिजे. बँकेत मी अहिराणीचा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. कुणी गाव विचारलं तर नाशिक सांगायचो.

किनाऱ्यावर मंडळी पोचली तेव्हा साडू वीस पावलांवर एका कुटुंबाला “अजून डावीकडं! आजीबाई, हसा!” म्हणून दरडावत होते. कानटोपी, दुमडलेली पँट, काळ्या वाळूनं भरलेले पाय. मॅनेजरबाईंनी हसून विचारलं, “आ भाई कोण छे? तमारी साथे छे?”

मी म्हणालो, “ड्राइव्हर छे.”

लाटांचा आवाज होता, वाराही उलटा होता. साडूंना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण मागांवर आयुष्य घालवलेली माणसं ओठ वाचतात, आणि साडू नेमके आमच्याकडेच बघत होते. ते शांतपणे चालत आले. कानटोपी काढून खिशात घातली. “नमस्ते, मॅडम,” म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, “साहेब, पाणी आणू का?” इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पंधरा वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होतो.

पुढचा तासभर सूर्य बुडत होता आणि मी कॅमेऱ्यात तोंड खुपसून उभा होतो. त्यांनी आम्हा चौघांचा फोटो काढला, बाईंसाठी व्हॅनचं दार उघडलं, आणि अख्ख्या रस्त्यात अवाक्षर काढलं नाही. भाकरींचा डबा तसाच बंद राहिला. मीही मागे साहेबासारखा बसून राहिलो. सगळे उतरल्यावर ते व्हॅन बाजूला घेऊन म्हणाले, “मांगे कसाले बसना, भाऊ? आते पुढे ये.” मी पुढे जाऊन बसलो. “माझं चुकलं,” एवढंच जमलं. त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. “खाय पहिले. तुले भूक लागनी व्हई.”

मी डबा उघडून भाकरी मोडली.

सोमवारी बाई म्हणाल्या, तुमचा ड्राइव्हर फार सज्जन आहे, घरच्या सहलीसाठी त्याचा नंबर द्या. सगळ्यांसमोर मी सांगितलं, “ड्राइव्हर नाहीत ते. माझे सख्खे साडू आहेत.” त्या म्हणाल्या, “तो पहले क्यों नहीं बताया?” संध्याकाळी साडूंना हे सांगितलं तर ते खदखदून हसले. “सांगाले नको व्हतं रे! मी चालवतू ना त्यासनी गाडी!”

विषय तिथंच संपला, निदान त्यांच्या बाजूनं. आजही ते तितक्याच मोठ्यानं बोलतात, आमच्याकडे येतात, मुलीला खिडकीच्या उजेडात उभं करून फोटो काढतात. फक्त एक नवीन सवय लागली आहे. घरात कुणी परकं माणूस बसलेलं असलं की दारातून आत येताना ते तोंड उघडण्याआधी क्षणभर माझ्याकडे बघतात. आज आपण याचे कोण आहोत, एवढंच त्यांना समजून घ्यायचं असतं.